खेरीज हक्कदार

मराठेशाहीतील इनामपत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांच्या परिचयाची एक वाक्यावली आहे. अमुक मौजे जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप यांसहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून, अमुक इसमास वंशपरंपरेने दिला असे. या वाक्याचा पूर्वार्ध घेणाऱ्याच्या पदरात काय काय पडले ते मोजून सांगतो, आणि उत्तरार्ध, ज्यांचे हक्क त्या भूमीवर आधीपासून जडलेले आहेत त्यांना या देण्याने धक्का लागणार नाही अशी ग्वाही देतो. देणारा छत्रपती असो वा पेशवा, पूर्वीच्या हक्कदारांना वगळून जे उरेल तेवढेच देण्याचा अधिकार आपल्याला आहे, ही मर्यादा दप्तरातील कारकुनाने आपल्या बोरूने निमूटपणे नोंदवून ठेवली होती. आज जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत जमिनीचे व्यवहार जुळवणाऱ्या मध्यस्थांचा आणि आपल्या लाडक्या कुत्र्यामांजरांसह तेथे विसाव्याचे घर बांधू पाहणाऱ्या शहरवासीयांचा विचार करताना मला या उत्तरार्धाची वारंवार आठवण होते. मध्यस्थाची आपल्या गिऱ्हाइकाविषयीची निष्ठा आणि गृहस्थाचे आपल्या पाळीव प्राण्याविषयीचे प्रेम, या दोन्ही गोष्टी समाजात सद्गुण म्हणून गणल्या जातात. परंतु दोन्हींच्या मुळाशी 'हा माझा' असा पक्षपात आहे, आणि अशा पक्षपाताला धर्म म्हणावे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

जव्हारपुरता तरी हा प्रश्न फार जुना आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवर वसलेल्या या नगराची जन्मकथाच मुळी एका जमिनीच्या व्यवहाराची कथा आहे. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नोंदलेल्या दंतकथेप्रमाणे, येथील मुलूख पूर्वी एका वारली नायकाच्या ताब्यात होता. त्याच्याकडे महादेव कोळ्यांचा पुढारी जयबा याने एका बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन मागितली, आणि होकार मिळताच त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून, त्या एकापुढे एक जोडून, मोठा भूप्रदेश वेढून घेतला. पुढे या जयबाच्या पुत्रास १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून नेमशाह हा किताब मिळाला आणि मुकणे घराण्याचे संस्थान भारतातील विलीनीकरणापर्यंत, म्हणजे सहा शतके, टिकले. भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयी, राणी दिदोच्या नावाने, नेमकी हीच कथा सांगितली जाते; म्हणून तिच्यात इतिहास किती हे शोधण्यात मला स्वारस्य नाही. माझे लक्ष वेधते ते त्या वारली नायकाकडे. ज्या शब्दांना त्याने होकार दिला त्या शब्दांचा अर्थ समोरच्याच्या मनात निराळा आहे, हे त्याला सांगणारा तेथे कोणीही नव्हता. आणि ज्या बैलाच्या कातड्याने सीमा आखली गेली, त्या बैलाची तर कथेत कोणी गणतीही केली नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माने युधिष्ठिराला सांगितलेली जाजली आणि तुलाधार यांची कथा या प्रश्नावर जेवढा प्रकाश टाकते तेवढा दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाने टाकलेला माझ्या पाहण्यात नाही. जाजली हा तपस्वी अरण्यात इतका निश्चल उभा राहिला की, पक्ष्यांच्या एका जोडप्याने त्याच्या जटेत घरटे केले; हललो तर घरट्याला धक्का लागेल म्हणून त्याने मानही हलवली नाही, अंडी घातली गेली, पिल्ले झाली, त्यांना पंख फुटले, ती उडून गेली आणि परत आली नाहीत, तेव्हा कोठे हा ऋषी जागचा हलला; आणि मग दंड थोपटून म्हणाला की, मला धर्म साधला. त्याच क्षणी अदृश्य वाणीने त्याला बजावले की, वाराणसीत तुलाधार नावाचा एक वाणी आहे, त्याची सर तुला नाही. हा तुलाधार बाजारपेठेत बसून रस, गंध, वनस्पती असल्या वस्तू विकणारा मनुष्य. त्याचे तप म्हणजे त्याची तागडी. ती कोणासाठीही झुकत नाही, मित्रासाठी नाही, शत्रूसाठी नाही, आणि माणसांपुरती तर नाहीच नाही. कारण नांगराच्या फाळाने भूमीला आणि भूमीतील जिवांना होणारी इजा, जुंपलेल्या बैलाच्या खांद्यावरचा भार, हेही तो त्याच तागडीत घालतो. जाजलीने पक्ष्यांना दिलेला आसरा खोटा नव्हता. परंतु ते पक्षी त्याचे होते, त्याच्या जटेत होते, आणि त्यांच्यामुळे त्याला स्वतःविषयी काही वाटत होते. पाळलेल्या पक्ष्यांचा जिव्हाळा आणि दुकानदाराची सचोटी यांना व्यासांनी एकाच कथेत समोरासमोर उभे केले आणि निवाडा दुकानदाराच्या बाजूने दिला, ही गोष्ट अजून पुरती आपल्या पचनी पडलेली नाही.

आता जव्हारच्या बाजारात येऊ. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि येथील बहुतांश जमीन वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा आदिवासी खातेदारांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ साली घातलेल्या छत्तीस-अ या कलमाप्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. आणि त्यापूर्वीच्या काळात गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत मिळाव्यात म्हणून १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या दरम्यानच्या हस्तांतरांसाठी स्वतंत्र अधिनियम करावा लागला. जयबाच्या कातड्याच्या वाद्या निरनिराळ्या रूपांत पुन्हापुन्हा कापल्या जात होत्या म्हणूनच राज्याला हे करावे लागले. जेथे इतका स्पष्ट कायदा आहे तेथेही एखादा मध्यस्थ मुंबईच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या नावावर खरेदी करण्याची युक्ती सुचवतो, किंवा भाडेपट्ट्याच्या आडून कब्जा मिळवून देतो, आणि गिऱ्हाईक संतुष्ट होऊन त्याची वाखाणणी करते. स्थावर संपदेविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय अधिनियमाने नोंदणीकृत प्रकल्पांच्या व्यवहारात एजंटांनाही नोंदणी बंधनकारक केली, आणि २०२३ पासून महाराष्ट्रात त्यांच्यासाठी परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आली. हे इष्टच झाले. परंतु परीक्षेने ज्ञान तपासता येते, तागडी तपासता येत नाही.

उत्तम ग्राहकसेवा म्हणजे काय, याचे उत्तर मी अशा मध्यस्थाच्या वर्तनावरून देईन जो गिऱ्हाइकाला पावसाळ्यात हिरव्यागार डोंगरापुढे उभे करून बयाणा घेण्याऐवजी मे महिन्यात त्याच जागेवर आणतो, आणि विहिरीचा तळ दाखवतो. ज्या वैतरणेवरील धरणांचे पाणी मुंबईला जाते तिच्याच खोऱ्यातील मोखाड्यात उन्हाळ्यात पाड्यापाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हे तो आपल्या तोंडाने सांगतो. सातबाऱ्यावरील इतर अधिकाराचा रकाना तो मोठ्याने वाचून दाखवतो, फेरफार काढून आणतो, चतुःसीमेवर प्रत्यक्ष चालतो. आणि ज्याला सहीऐवजी अंगठा उठवावा लागतो त्या विकणाऱ्यालाही तेच कागद, त्याच शब्दांत, त्याच्या मुलासमक्ष समजावून देतो. दलाली एकाकडून घ्यावी आणि खरे दोघांना सांगावे, एवढेच त्याला करायचे असते, आणि एवढे करणे मला जाजलीच्या तपाहून कठीण वाटते.

घर उभे राहिल्यावर प्रश्नाचे दुसरे अंग समोर येते. शनिवार-रविवारी गाडीतून आलेला कुत्रा मोकळ्या अंगणात बागडतो तेव्हा त्याच्या धन्याला होणारा आनंद निर्मळ असतो, याविषयी मला शंका नाही. शहरातल्या दोन खोल्यांत कोंडलेल्या जिवाला माती मिळावी ही इच्छा करुणेतूनच जन्मते. पण मग काही घरी कुत्रा राखणदारीच्या निमित्ताने तेथेच ठेवला जातो; सोमवार ते शुक्रवार तो आखूड साखळीला बांधलेला असतो, आणि ज्याच्या स्वतःच्या ताटात डाळ बेताचीच अशा रखवालदाराने त्याला पोसावे अशी अपेक्षा असते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे आणि उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हे दोन्ही अपराध गणलेले आहेत. शिवाय हा बिबट्याचा मुलूख आहे, आणि रात्री ओसरीला बांधलेला कुत्रा हे बिबट्याला सर्वांत सुलभ भक्ष्य. हे गिऱ्हाइकाला न सांगणाऱ्या मध्यस्थाने त्या मुक्या जिवाचा घात केला असे मी म्हणेन. त्याच घराभोवती घातलेले तारेचे कुंपण पाड्यावरील गुरांची पाण्यावर जाण्याची पिढीजात वाट तोडते, तेव्हा एका कुत्र्याच्या सुरक्षिततेसाठी वीस गाई लांबचा फेरा घेतात, आणि त्यांच्यामागे अनवाणी गुराखी पोर.

आपल्या प्राण्यावरचे प्रेम आणि सर्व प्राण्यांविषयीचा समभाव या एकत्र नांदू शकणाऱ्या गोष्टी आहेत किंवा नाहीत, याचे उत्तर मला याच भूमीत मिळते. कारवीच्या कुडाच्या आणि शेणाने सारवलेल्या भिंतींच्या वारली घरात माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहतात. मध्ये आडोसा असला तर असतो, कोंबड्या डालग्याखाली आणि कुत्रा उंबऱ्याशी. त्यांच्यात शहरी लाडकोड नसतो. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारे कुटुंब घरची गुरे म्हाताऱ्यांच्या स्वाधीन करते तेव्हा डोळे मात्र पुसावे लागतात. आणि आश्विन वद्य द्वादशीला, ज्या दिवशी देशावरची घरे सवत्स धेनूची पूजा करून वसुबारस पाळतात, त्याच दिवशी येथील आदिवासी वाघबारस पाळतात. गावाच्या शिवेवर, दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघ कोरलेला असतो, त्या वाघोबाला शेंदूर लावून, नारळ किंवा कोंबडा देऊन, आमच्या गुरांना आणि गुराख्यांना सांभाळ अशी विनवणी करतात. ज्याने गाय मारली असेल, किंवा उद्या मारील, त्याच्यापुढेच गाईसाठी हात जोडलेले असतात. गाय माझी आहे म्हणून तिच्यासाठी मी याचना करतो, परंतु ही शीव तुझीही आहे हे मी नाकारीत नाही, असा त्या पूजेचा आशय मला वाटतो. जयबाने मेलेल्या बैलाच्या कातड्याने सीमा आखली. वाघोबाच्या उपासकांनी जिवंत वाघाला सीमेवर हक्कदार म्हणून बसवले. तुलाधाराने वाराणसीत जे तागडीने साधले ते येथे शेंदूर लावलेल्या दगडाने साधलेले आहे, आणि त्यासाठी कोणाला आपल्या गाईवरचे प्रेम सोडावे लागलेले नाही.

म्हणून, आपलेपणा हा धर्माचा शत्रू आहे असे म्हणणाऱ्या वेदान्त्यांशी माझे पटत नाही. ज्याने एकाही जिवाला आपले म्हटले नाही त्याचा समभाव रिता असण्याचा संभव अधिक. आणि जो मध्यस्थ आपल्या गिऱ्हाइकाचीही नीट सेवा करीत नाही त्याने न्यायाच्या गोष्टी सांगू नयेत. दोष 'माझा' म्हणण्यात नाही. आपल्याने दुसऱ्याच्या हक्कावर पाऊल ठेवले की आपणच त्याचा हात धरून थांबवायचे असते, ते न करण्यात दोष आहे. गिऱ्हाईक बेकायदा जमीन मागते तेव्हा त्याला नाही म्हणणारा मध्यस्थ त्याची सेवाच करतो. पंधरा वर्षांनी जो फेरफार रद्द होणार आहे त्याच्यावर बंगला बांधण्यापासून त्याने एका कुटुंबाला वाचवलेले असते.

जव्हार-मोखाड्यात, कायद्याने परवानगी असलेली जागा घेऊन, जे घर करणार असतील, आणि जे त्यांना जागा दाखवणार असतील, त्या दोघांनाही माझी एकच विनंती आहे. खरेदीखताचा मसुदा पक्का होण्यापूर्वी पाड्यावरील एखाद्या वृद्ध गुराख्याला बरोबर घेऊन चतुःसीमा चालून याव्यात, गुरे पाण्यावर कोठून जातात, वाघोबा कोठे आहे, शेजाऱ्याच्या विहिरीची वाट कोणती, हे त्याला विचारावे, आणि तो सांगेल ती प्रत्येक वाट गट क्रमांकासह त्या खरेदीखतात लिहवून नोंदणी करावी.