बायांचा राग

घरातली वयोवृद्ध बाई गेली की दिवसकार्याच्या वेळी तीच ती वाक्यं कानावर पडतात. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत, सगळ्यांचं हसतमुखानं केलं, स्वतःसाठी काही मागितलं नाही. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण आलागेला, आजारी-बाळंतीण, शिकायला राहिलेली पोरं असा राबता जिनं वर्षानुवर्षं सांभाळला, तिला कधीच राग आला नसेल? आणि आला असेल तर तो आपण तिच्या आठवणीतून का वगळायचा?

अशा वेळी मला बाया कर्वे आठवतात. कोकणातली गोदूबाई जोशी, लहानपणीच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तिथली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. पुढे सगळ्यांच्या बाया. लग्नानंतर दोघं अण्णांच्या गावी, मुरूडला गेली, तर गावानं ठराव करून बहिष्कार घातला. आईच्या घरात मुलगा-सून राहिली तर आईही वाळीत, अशी धमकी होती.

१८९६ साली अण्णांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला, तो पुढे हिंगण्याला गेला. अण्णांनी झोकून दिलं म्हणजे काय केलं, हे घरातून बघायला हवं. आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. विम्याचा तो कागद म्हणजे उद्या काही बरंवाईट झालं तर बायको-पोरांना उरणारा एकुलता आधार. एकदा वैधव्य भोगलेल्या बाईला त्याची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाया चिडल्या. चिडणारच! आश्रमाकडे लोकांनी संशयानं बघू नये म्हणून अण्णांनी पुनर्विवाहाची चळवळ त्यापासून अलग ठेवली होती. म्हणजे विधवांसाठी उभ्या राहिलेल्या त्या कामाच्या दाराशी, पुनर्विवाह केलेली त्यांची स्वतःची बायकोच अडचणीची ठरत होती. हे वाचताना माझ्या पोटात तुटतं.

तरी बायांनी कामातून अंग काढून घेतलं नाही. नागपूरला जाऊन त्या सुईणीचं काम शिकल्या, चार पैसे आपल्या हातचे असावेत म्हणून. बायकांची बाळंतपणं केली, घरात शिकणाऱ्या मुलांना ठेवून घेतलं. धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले हिला पुण्याला आणलं. हीच बहीण पुढे आश्रमाची आधारस्तंभ झाली आणि वर्गणी मागत थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आली. एका बहिणीनं दुसरीला हात दिला नसता तर ते घडलं असतं का, मला शंका आहे.

बायांचा राग आणि त्यांचं काम एकाच ठिकाणाहून आलं, असं मला वाटतं. घर म्हणजे काय आणि ते मोडलं की बाईचं काय होतं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. म्हणून त्या नवऱ्याशी घरासाठी भांडल्या, आणि म्हणूनच बाहेरच्या बायकांसाठी राबल्या. नुसतं सोसणाऱ्या बाईला हे जमलं नसतं.

आपल्या घरातल्या आजीची आठवण काढताना एवढं केलं तरी पुष्कळ. ती कशावरून भांडली, कुठल्या खर्चाला नाही म्हणाली, आजोबांच्या कुठल्या दानधर्मावर दोन दिवस अबोला धरला, हे आत्याला, काकूला, शेजारच्या मावशींना मुद्दाम विचारावं. सगळ्यांसाठी करणाऱ्या बाईचा हिशोब त्या भांडणांतूनच उलगडतो.

बायांनी तो हिशोब स्वतःच मांडून ठेवला. 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मकथन १९४४ साली सूनबाई कावेरी कर्वे यांच्या संपादनाखाली निघालं. अण्णा तेव्हा हयात होते, ऐंशी ओलांडलेले, महर्षी म्हणून सगळीकडे पूजले जाणारे. त्यांच्या हयातीतच, त्यांच्याच घरातून, बायांनी संसारातली ओढाताण छापून आणली.