ओरडा आणि निवाडा

शिष्याला शिस्त कशी लावावी याचे नियम गौतम धर्मसूत्रात दिले आहेत. शक्यतो मारू नये. नाइलाजच झाला तर बारीक दोरीने किंवा वेळूच्या कांबीने मारावं. याखेरीज दुसऱ्या कशाने मारलं, तर त्या गुरूला राजाने शिक्षा करावी. दोन हजार वर्षांहून जुन्या या मजकुरातलं शेवटचं कलम वाचून मी थबकलो होतो. गुरूच्या हातावर चक्क राजाचा अंकुश! जिभेचं काय? मनुस्मृतीत, म्हणजे ज्या ग्रंथाकडून कुणी हळुवारपणाची अपेक्षा ठेवणार नाही त्यातही, शिकवणाऱ्याने मधुर आणि मृदू वाणी वापरावी असं सांगितलं आहे. पण तो उपदेश झाला, त्यामागे राजाचा दंड नाही.

हा भेद पुढे फार काळ टिकला. मार मोजता येतो, वळ दाखवता येतो. बोलणं कुठे दाखवणार? गावठी शाळेतल्या पंतोजींच्या शिक्षांची वर्णनं आपल्याकडे भरपूर आहेत: अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं, आढ्याला टांगणं. त्याच्या जोडीला तोंडाचा पट्टा चालूच असणार. पण आठवणी लिहिणाऱ्यांनी तो बहुतेक गमतीच्या सुरात सांगितला. ‘मास्तर बोलले म्हणून तर घडलो’ हे वाक्य सत्कार समारंभात आजही टाळी घेतं. घडलेल्यांनाच सत्कार समारंभात बोलावतात, हे टाळ्या वाजवताना लक्षात येत नाही. चौथीत दप्तर टाकून शेतावर गेलेला मुलगा हार-तुऱ्यांच्या त्या मंचावर कधी नसतो. एडिसनचंही तेच. शाळेने ‘मतिमंद’ ठरवल्याची चिठ्ठी आईने त्याच्यापासून लपवली, ही मोबाइलवर फिरणारी रडवी गोष्ट बनावट आहे. शिक्षक आपल्याला ‘डोकं ठिकाणावर नसलेला’ म्हणाल्याचं त्यानेच सांगितलं होतं आणि आईने त्याला घरी शिकवलं, एवढं खरं. अशी आई किती जणांना मिळते, हा हिशेब त्या गोष्टीत नसतो.

आपल्या भागात या विचाराला पहिलं वेगळं वळण मिळालं ते बालवाडीत. गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. 1923 मध्ये ताराबाई मोडक तिथे गेल्या. मॉन्टेसरीचा प्रभाव असा की शिक्षा गेलीच, बक्षीसही गेलं. मुलाला वरून कुणी शेरा मारायचाच नाही, ते स्वतःच्या कामातून स्वतः शिकेल, ही त्यामागची भूमिका. ताराबाई पुढे बोर्डीला आणि 1957 मध्ये कोसबादला आल्या, सोबत अनुताई वाघ. तिथली आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण त्यांना गुरं राखायची असत. मग या दोघींनी गुरं चरतात तिथेच शाळा नेली. तिचं नाव कुरणशाळा.

त्याच काळात आणि त्यानंतरही मराठी वर्गांत ‘म्हशी राखायला जा’ हा शेरा सर्रास ऐकू येत होता. गणित चुकलं की म्हशी, शुद्धलेखन चुकलं की शेण. ज्याच्या घरी खरोखर म्हशी आहेत, त्या पोराला या शेऱ्यात दोन गोष्टी कळतात. एक, आपल्याला गणित येणार नाही. दुसरी, आपला बाप रोज पहाटे उठून जे करतो ते काम ही एक शिक्षा आहे. बोलणाऱ्याच्या मनात यातलं काहीही नसेल. तो सवयीने बोलून पुढच्या गणिताकडे वळलेला असतो. वर्ग हसतो आणि तास पुढे सरकतो.

मग शिक्षकांना असं बोलणं उपयोगी का वाटतं? ते दुष्ट असतात म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. बहुतेकांना मनापासून वाटतं की बोललं की मूल सुधारतं, आणि त्यांना रोज तसा अनुभवही येतो. या अनुभवाची नीट तपासणी अमेरिकेत 1925 साली एलिझाबेथ हरलॉक यांनी केली. त्यांनी शाळकरी मुलांना पाच दिवस रोज बेरजा सोडवायला दिल्या. एका गटाचं वर्गासमोर कौतुक होई, दुसऱ्या गटाला वर्गासमोर बोलणी बसत. तिसऱ्या गटातली मुलं त्याच खोलीत बसून हे ऐकत, पण त्यांना कुणी बरंवाईट काहीच म्हणत नसे. बोलणी खाल्लेल्या मुलांच्या बेरजा दुसऱ्या दिवशी खरोखर सुधारल्या, जवळपास कौतुक झालेल्यांइतक्याच. शिक्षकाला दिसतं ते हे. पण पुढच्या दिवसांत त्यांची घसरण झाली आणि कौतुक झालेली मुलं चढत गेली. या तिघांत सगळ्यात मागे राहिला दुर्लक्षित गट. त्याच्याकडे मी पुन्हा वळणार आहे.

दुसरा धागा मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन यांच्याकडे सापडतो. इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांपुढे ते शाबासकीचं महत्त्व सांगत होते. एका अनुभवी प्रशिक्षकाने त्यांना तोडलं. तो म्हणाला, उत्तम कसरत केली म्हणून शाबासकी द्यावी तर पुढच्या खेपेला पोरगा बिघडवतो; खडसावलं की सुधारतो. निरीक्षण अगदी खरं होतं, निष्कर्ष मात्र चुकीचा. कुणाचीही कामगिरी रोज थोडी वरखाली होते. फार चांगल्यानंतर बहुधा थोडं कमी येतं, फार वाईटानंतर बहुधा थोडं बरं येतं, मग तुम्ही तोंड उघडा वा न उघडा. आपण ओरडतो ते वाईट दिवशी, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या सुधारणेचं श्रेय ओरडण्याला मिळतं. चाळीस मुलांच्या वर्गात तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला ही पावती हजारो वेळा मिळालेली असते. ‘मुलांच्या मनाचा विचार करा’ एवढं सांगून हा अनुभव पुसला जात नाही. प्रशिक्षणाच्या तीन दिवसांत त्याला हरलॉक यांचा पाचवा दिवस दाखवावा लागेल.

बोलण्याने आत नेमकं काय बिघडतं, हे त्यानंतर हळूहळू उलगडत गेलं. यातला मला सर्वांत पटलेला भाग गणिताचा आहे. फळ्यासमोर उभं राहून 47 आणि 38 ची बेरीज करणारा मुलगा डोळ्यांपुढे आणा. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. तो एक कुठे असतो? फळ्यावर नसतो, तो पुढचे चार आणि तीन मिळवेपर्यंत डोक्यात धरून ठेवायचा असतो. ही धरून ठेवायची जागा प्रत्येकाकडे थोडीच असते. मागून आवाज येतो, ‘हेही येत नाही? तिसरीत कुणी ढकललं तुला?’ आणि त्या जागेत भीती येऊन बसते. हातचा सुटतो. मुलगा पंच्याहत्तर लिहितो, वर्ग फिदीफिदी हसतो. शिक्षकाचं म्हणणं सिद्ध होतं. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताची धास्ती असलेले विद्यार्थी जास्त अडखळले ते हातच्याच्या बेरजांत, तेही डोक्यात आणखी काही धरून ठेवायला लावल्यावर. भीतीने अक्कल जात नाही, तिची जागा तेवढ्यापुरती अडवली जाते.

त्याआधी, 1968 साली, रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा प्रयोग गाजला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली काही मुलं ‘यंदा झेप घेणार’ असं शिक्षकांना सांगितलं गेलं आणि पहिली-दुसरीतली ती मुलं वर्षअखेर खरंच पुढे गेलेली दिसली. वरच्या इयत्तांत असा परिणाम फारसा आढळला नाही आणि मोजमापावरही पुष्कळ टीका झाली, हे त्या प्रयोगाचे गोडवे गाणारे सांगत नाहीत. तरी त्याने विचाराची दिशा बदलली. शिक्षक काय बोलतो यासोबत तो काय धरून चालला आहे, हाही प्रश्न झाला.

आवाज चढवण्याला आपण उगाच फार महत्त्व दिलं, असं मला वाटू लागलं ते इथून. ‘तुला येतंय, मग अर्धवट का सोडलंस?’ हे वाक्य कितीही मोठ्याने म्हटलं तरी त्यात मुलावर विश्वास आहे. ‘जाऊ दे बाळ, तुला नाही जमायचं’ हे प्रेमाने, पाठीवरून हात फिरवत म्हटलं तरी तो निवाडा आहे. ओरडा संध्याकाळपर्यंत विरतो. निवाडा मूल घरी घेऊन जातं आणि स्वतःच त्याची अंमलबजावणी करतं.

निवाड्याला शब्दही लागत नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शाळेच्या आठवणीत गोणपाटाबद्दल लिहिलं आहे: वर्गात वेगळं बसण्यासाठी ते घरून न्यायचं आणि शाळा सुटली की परत आणायचं, कारण झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी दिली. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची सुटलेली कोडी लक्षणीय कमी झाली. अपमानाचा एक शब्द नाही, फक्त एक नोंद वाचली. आपल्याकडे ‘शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचेत, एस्सी-एसटीची मुलं उभी राहा’ असं भर वर्गात पुकारणाऱ्या सरांना आपण काही कठोर बोललो असं स्वप्नातही वाटत नाही.

कायद्याची गाडी या सगळ्याच्या मागून आली, पण आली. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेतून शारीरिक शिक्षा हद्दपार करण्याचं म्हटलं. मनाचा उल्लेख तिथे नव्हता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेच्या शेजारी ‘मानसिक छळ’ हे शब्द बसले. त्याच सुमारास राष्ट्रीय बालहक्क आयोगाने सात राज्यांतल्या 6,632 मुलांना विचारलं. कसलीच शिक्षा झाली नाही असं सांगणारी मुलं निघाली नऊ. ‘तुला शिकणं जमणार नाही’ असं ऐकून घ्यावं लागलेली 81.2 टक्के. आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत बोचरे टोमणे, लाजवणारी विशेषणं आणि पालकांच्या व्यवसायावरून किंवा जातीवरून केलेली चेष्टा, हे सगळं छळ म्हणून नोंदलं आहे. म्हशींचा शेरा कायद्याच्या कक्षेत यायला एवढा वेळ लागला.

याच काळात महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना ताराबाईंना आवडली असती: मुलाकडे वर्षभर नीट पाहायचं आणि दिसेल ते लिहायचं. प्रत्यक्षात दोन-दोन इयत्ता एका खोलीत, त्यावर जनगणना, निवडणूक आणि पोषण आहाराचे हिशेब. साठ मुलांवर साठ वेगळी वाक्यं कोण लिहिणार? बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. ‘शालेय उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.’ ‘चित्रकलेची आवड आहे.’ हजेरी क्रमांकानुसार वाक्यं उतरत गेली. यात कठोर शब्द एकही नाही आणि मूलही नाही. हरलॉक यांचा तो तिसरा, दुर्लक्षित गट मला इथे पुन्हा भेटतो. कठोर शब्द काढून टाकले की त्यांच्या जागी आपोआप लक्ष येत नाही, बऱ्याचदा पोकळीच येते. ‘आता मुलांना काही बोलायचीही सोय उरली नाही’ अशी शिक्षकांची तक्रार असते. ती मी हसण्यावारी नेत नाही. काय बोलायचं नाही याची यादी त्यांच्या हातात पडली, काय बोलायचं ते कुणी शिकवलंच नाही.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. शिक्षण संस्थांनी, विशेषतः शिकवणी संस्थांनी, शक्यतो गुणांनुसार वेगळ्या बॅचेस करू नयेत आणि विद्यार्थ्यांना सर्वांसमोर लाजवू नये, या दोन गोष्टी तिथे शेजारी शेजारी आल्या. एक बोलून होते, दुसरी सूचनाफलकावर कागद चिकटवून. दोन्ही एकाच मापाने मोजण्यापर्यंत हा विचार पोहोचला आहे. आता गुणांवरून अ, ब, क, ड तुकड्या पाडणाऱ्या हायस्कुलांचं काय? ड तुकडीत गणिताला कोणते सर द्यायचे हे शिक्षकखोलीत हसत हसत ठरतं, आणि ड तुकडीतल्या मुलांना ते जूनच्या पहिल्या आठवड्यातच कळलेलं असतं.