परत द्यावयाचे मूल

दुसऱ्याचे मूल आपल्या घरात वाढू लागले, की त्याला बसविण्यासाठी आपल्या समाजापाशी दोनच रकाने तयार असतात. ते नात्यातले असेल तर ‘आमच्याकडे शिकायला आहे’ एवढे सांगून भागते. परके असेल तर ‘दत्तक घेतलेत का?’ हा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नात नाव, गोत्र, वारसा व मिळकत या साऱ्याच गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. परंतु ज्या मुलाला आपले आडनाव द्यावयाचे नाही, ज्याच्यावर कोणताही हक्क सांगावयाचा नाही, आणि ज्याच्या जन्मदात्यांचा संसार सावरताच ज्याला हाताला धरून त्यांच्या दारी पोचवावयाचे आहे, अशा मुलास तेवढ्या मुदतीपुरते पोटच्या लेकरासारखे सांभाळणारे कुटुंबही असते. सरकारी दप्तरात त्याला ‘प्रतिपालक कुटुंब’ म्हणतात. शब्द रुक्ष आहे. पण चौदा महिने मी व माझे यजमान त्या शब्दाचे धनी होतो, म्हणून मला तो प्रिय आहे.

आमच्याकडे आलेली मुलगी पाच वर्षांची होती. वडील वारलेले, आई दीर्घ आजाराने रुग्णालयात, आणि नात्यात सांभाळील असे कोणी नाही. पहिल्या रात्री तिच्या उशीखाली मला अर्धी पोळी सापडली. दुसऱ्या रात्री दीड. मी ती काढून घेतली नाही. एक झाकणाचा डबा तिच्या अंथरुणाशी ठेवला आणि त्यात रोज रात्री तिनेच दोन पोळ्या ठेवाव्यात असे ठरवून दिले. त्या काळात ती इतकी आज्ञाधारक होती, की येणारेजाणारे तिचे कौतुक करीत आणि मला मात्र भीती वाटे. कारण ज्या मुलाला आपण केव्हाही घालवून दिले जाऊ अशी धास्ती असते, ते मूल हट्ट करीत नाही. साडेतीन महिन्यांनी एके दिवशी तिने दोडक्याची भाजी ताटाबाहेर ढकलली, मोठ्याने रडली, ‘तू वाईट आहेस’ असे मला म्हणाली, आणि त्याच रात्री डबा भरावयास विसरली. प्रतिपालकाला काय मिळते असे मला कोणी विचारले, तर मी त्या रात्री रिकाम्या राहिलेल्या डब्याकडे बोट दाखवीन.

2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या 44 व्या कलमाने ही व्यवस्था बाल कल्याण समितीच्या हुकमतीखाली ठेवली आहे. समितीने दरमहा तपासणी करावी, सरकारने संगोपनासाठी मासिक रक्कम द्यावी (मिशन वात्सल्य या सरकारी योजनेखाली ती 4000 रुपये आहे), आणि मुलाच्या हितास बाधा येत नसेल तर जन्मदात्यांना ठरावीक काळाने त्याला भेटू द्यावे, अशा त्यातील तरतुदी आहेत. कागदावर जे अगदी सरळ दिसते, ते भेटीच्या दिवशी किती अवघड होते हे त्या खोलीत बसल्यावाचून कळत नाही. तिची आई येई, तिला जवळ घेई, आणि मी सकाळी घातलेल्या वेण्या सोडून त्या पुन्हा आपल्या हाताने घाली. मला मत्सर वाटे. हा शब्द मी विचारपूर्वक लिहिते आहे. परतल्यावर मुलगी जेवत नसे, रात्री अंथरूण ओले करी. कारण आपण मावशीवर माया केली म्हणजे आईशी अप्रामाणिक झालो, असा तिच्या एवढ्याशा जिवाचा समज होता. ‘तुला आई म्हणू का?’ असे तिने एकदा विचारले, तेव्हा ‘तुला आई आहे, मी मावशी’ हे उत्तर मी दिले खरे, परंतु त्या पाच शब्दांइतके जड मी आयुष्यात दुसरे काही उचललेले नाही.

या उत्तराचे समर्थन मला पुढे एका परक्या देशातील दांपत्याच्या कामात सापडले. लंडनच्या जेम्स व जॉइस रॉबर्टसन यांनी 1960 च्या दशकात आईपासून थोड्या काळासाठी दुरावलेल्या बालकांचे चित्रपट घेतले. त्यांतील जेन व जॉन ही दोन्ही मुले सतरा महिन्यांची. जेन दहा दिवस रॉबर्टसनांच्याच घरी राहिली. तिच्या सवयी त्यांनी मोडल्या नाहीत, वडिलांच्या भेटी चालू ठेवल्या, आईची आठवण जागती ठेवली, आणि ती निभावली. जॉन नऊ दिवस एका शिशुगृहात होता, जिथे परिचारिका बदलत राहत. तो हळूहळू खचत गेला, आणि आई न्यावयास आली तेव्हा तिच्याकडेही जाईना. नऊ दिवसांत हे घडते, तर वर्षानुवर्षे बालगृहात वाढणाऱ्या मुलाच्या मनाचे काय होत असेल?

प्रतिपालनाविषयीच्या सरकारच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी आणखी एक वाट मोकळी केली आहे. दत्तक देण्यास कायद्याने मुक्त झालेल्या मुलाला, दोन वर्षांच्या प्रतिपालनानंतर त्याच कुटुंबाने दत्तक घ्यावयाचे असल्यास आता ते घेता येते. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. ही सुधारणा योग्यच आहे. मात्र ज्या मुलाची आई बरी होण्याच्या मार्गावर आहे, त्याच्या प्रतिपालकाने ही आशा मनात बाळगणे हा त्या मुलाशी द्रोह आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कालिदासाचा कण्व हा आपल्या वाङ्मयातील श्रेष्ठ प्रतिपालक. मेनकेने टाकलेली मुलगी त्याने वाढविली, आणि चौथ्या अंकाच्या शेवटी तिला सासरी पाठविताना, दुसऱ्याचा न्यास परत केल्याने अंतःकरण हलके झाल्याचे तो बोलतो. कन्येला न्यास समजणे आज आपल्याला पटणार नाही, पटूही नये. पण सांभाळावयास आलेल्या मुलाला तो शब्द, किंवा आपला जुना ‘अमानत’ हा शब्द, तंतोतंत लागू पडतो. अमानत जपून ठेवावयाची असते, आणि मागणाऱ्याने मागताच, तिच्यात काही उणे न येता, द्यावयाची असते. फक्त, कण्वाला वाटले ते हलकेपण मला वाटले नाही.

मुलीला परत पोचविण्याचा हुकूम संबंधित कार्यालयाकडून आम्हांला अवघे दोन दिवस आधी मिळाला; तेवढ्यात तिची शाळा, तिच्या मैत्रिणी आणि आम्ही उभयता यांचा निरोप तिने कसा घ्यावा, याचा विचार कोणी केला नव्हता. ती आईकडे गेली, हे उत्तम झाले. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरी कोणी आले नाही. मृत्यू नाही, सुतक नाही, मग भेटावयास यावे कशासाठी, असे लोकांना वाटले असावे. वाचकहो, तुमच्या आळीत असे एखादे घर असेल आणि तिथले मूल आपल्या घरी परतल्याचे तुम्हांला कळेल, तर त्या संध्याकाळी तिथे जा, घटकाभर बसा, आणि त्या मुलाचे नाव घेऊन त्याच्याविषयी विचारा.