हरवणारं अक्षर

जपानी मुलांचा 'शिरितोरी' आपल्या भेंड्यांच्या जातीचा खेळ आहे. तिथे गाण्याऐवजी शब्द असतात: समोरच्याच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने आपला शब्द सुरू करायचा. मात्र 'मिकान' किंवा 'रामेन' म्हटलं, की तुम्ही हरलात. कारण काना लिपीतल्या या 'न्'ने जपानी शब्द सुरूच होत नाही. (चाडच्या राजधानीचं 'न्जामेना' हे नाव पुढे करणारे चतुर तिथेही असतातच.) हा 'न्' आपल्या अनुस्वारासारखाच वागतो, प-आधी म्, क-आधी ङ्, आणि यशवंतपुरातल्या त-आधी न्.

भेंड्यांमध्ये ण आणि ळ आले, की आपण न आणि ल चालवून घेतो. ही सवलत खेळणाऱ्याला मिळते. तिची किंमत अक्षर देतं. हिंदीत टिळकांचे 'तिलक' होतात ते अशाच चालीने, आणि तेव्हा मात्र आपण चिडतो. यशवंतपुरात कन्नडमधला ळ दिवसभर ठणठणीत ऐकू येतो, त्यामुळे मला हे जास्तच जाणवतं.

जपानी नियम अक्षराला हात लावत नाही, माणसाला बाद करतो. कठोर आहे, पण पुढे वाट नाही हे लपवत नाही. अनुवादात मी बहुतेकदा ल देते. मुदत असते, पान पुढे न्यायचं असतं. त्या ल-खाली कुठला ळ होता, हे मला ठाऊक असतं. वाचकाला नसतं, तो विश्वासाने पुढचं गाणं शोधत असतो.