नृत्याला मान, नाचणाऱ्याला नकार

कलेला डोक्यावर घ्यायचे आणि ती जपणाऱ्या माणसाला उंबरठ्याबाहेर उभे करायचे, हे नीतीत बसते का? केरळच्या मोहिनीअट्टमकडे पाहताना हा सवाल टाळता येत नाही.

पांढरी-सोनेरी कसवूची साडी, डावीकडे बांधलेला अंबाडा, त्यावर गजरा आणि धडाची संथ, वर्तुळाकार हालचाल. आमच्या उर्दूत ज्याला 'नजाकत' म्हणतात, ती या नृत्यात पावलोपावली दिसते. राजा स्वाती तिरुनाल (१८१३-१८४६) यांनी त्याला आश्रय दिला. पुढे हेच नृत्य आणि ते करणाऱ्या स्त्रिया बदनाम झाल्या. १९३० साली कवी वळ्ळत्तोळ यांच्या पुढाकाराने केरळ कलामंडलम उभे राहिले, आणि तिथे या नृत्याला पुन्हा जागा मिळाली. कल्याणिकुट्टी अम्मांनी (१९१५-१९९९) त्यासाठी आयुष्य वेचले. आज 'परंपरा' म्हणून आपण जिचा अभिमान मिरवतो, ती एकेकाळी बदनामी सोसणाऱ्या बायकांनी जिवंत ठेवली, हे विसरून चालणार नाही.

मार्च २०२४ मध्ये एका ज्येष्ठ नर्तिकेने एका मुलाखतीत म्हटले की, पुरुषाने मोहिनीअट्टम करायचेच तर तो देखणा हवा. काळ्या रंगाचीही हेटाळणी झाली. या नृत्यात पीएच.डी. केलेले दलित कलावंत आर.एल.व्ही. रामकृष्णन यांच्यावरच हा रोख आहे, असे साऱ्या केरळने मानले. त्याच महिन्यात कलामंडलमने मुलांनाही मोहिनीअट्टम शिकवण्याचा निर्णय घेतला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बायकांच्या हाती मुळात थोडेच असते. त्यातही पुरुष वाटेकरी झाले तर? ही भीती खरी आहे. पण तिचे उत्तर बायकांना जास्त मंच देणे हे आहे, कोणाचा रंग मोजणे हे नव्हे. शिवाय मोहिनी म्हणजे कोण? पुराणकथेत विष्णूने घेतलेले स्त्रीरूप! ज्या नृत्याच्या नावातच रूप बदलण्याची कथा आहे, तिथे शरीराची अट कशी घालायची?

मार्च २०२२ मध्ये मुस्लिम घरात जन्मलेल्या मान्सिया या भरतनाट्यम नर्तिकेचा इरिंजालकुडाच्या कूडलमाणिक्यम मंदिरातला ठरलेला कार्यक्रम ती हिंदू नाही म्हणून रद्द झाला. काही हिंदू कलावंतांनी निषेध म्हणून तिथले आपले कार्यक्रम सोडले. मंदिराचे नियम मंदिर ठरवील, असे कोणी म्हणेल. पण याच मुलीला नृत्यासाठी आपल्या जमातीचाही बहिष्कार सोसावा लागला होता, हे आपण मुसलमानांनी का विसरावे? एका दाराला नाव ठेवताना आपले दार उघडे आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात छोट्या मुलींच्या नाचाला टाळ्या पडतात. त्या वयात आल्या की तोच नाच बेअदबी ठरतो. मुलगी तीच, पाय तेच. मग मधल्या काळात बदलले काय? फक्त आपली नजर.

माझ्या मते नजाकत जन्माने मिळत नाही. ती रियाजाने येते. कलामंडलम हैदर अली (१९४६-२००६) मुसलमान होते, पण कथकलीची पदे त्यांच्या गळ्यात शोभली. मुंबईच्या कनक रेळे (१९३७-२०२३) मल्याळी नव्हत्या, तरी मोहिनीअट्टमच्या गुरू म्हणून देशाने त्यांना मानले. वर्षानुवर्षे ज्याने घाम गाळला, त्याचा हक्क त्या कलेवर आधी. जात, धर्म, रंग विचारणारे त्यानंतर येतात.

कलेचा आदर करायचा असेल तर तो माणसापर्यंत पोचला पाहिजे. टाळ्या वाजवून पाठ फिरवणारी रसिकता फुकटची आहे. तिची किंमत दर वेळी नाचणाऱ्यानेच मोजायची, हा कुठला न्याय?