दानाचा अभ्यास आणि घेणाऱ्याचे स्थान

दान हा मुळात धर्माचा विषय. गेल्या काही दशकांत तो विद्यापीठांचाही विषय झाला आहे. कोण देतो, का देतो, कोणाला देतो आणि दिल्याने काय घडते, या चार प्रश्नांचा पद्धतशीर शोध घेणारी अध्ययनकेंद्रे उभी राहिली आहेत. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र, इतिहास, कायदा आणि धर्मविद्या या सर्वांचा त्यात वाटा आहे. मात्र या साऱ्या अभ्यासाच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. दानाचे मोल कशावरून ठरवायचे? देणाऱ्याच्या भावनेवरून, दिल्याने झालेल्या परिणामावरून, की देणारा आणि घेणारा यांच्यात तयार होणाऱ्या नात्यावरून? पहिल्या उत्तराचा पाठपुरावा मुख्यतः धर्मग्रंथांनी केला, दुसऱ्याचा अर्थशास्त्राने आणि तिसऱ्याचा मानवशास्त्राने. या तिन्हींनी घेणाऱ्याला कोणते स्थान दिले, यावर त्यांची कसोटी लागते.

दानाचा शास्त्रोक्त विचार भारताला नवा नाही. धर्मशास्त्राने दानाची काटेकोर व्याख्या केली. वस्तूवरचे स्वतःचे स्वत्व सोडणे आणि तिच्यावर दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे म्हणजे दान. दाता, प्रतिग्रहीता (घेणारा), श्रद्धा, धर्माने मिळवलेली वस्तू, देश आणि काळ ही त्याची सहा अंगे मानली गेली. बाराव्या शतकात लक्ष्मीधराने ‘कृत्यकल्पतरू’त आणि बंगालचा राजा बल्लाळसेन याने ‘दानसागरा’त या विषयावरील वचने एकत्र केली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’त एक सबंध खंड दानालाच वाहिला. आधुनिक काळात पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या सर्व सामग्रीची छाननी केली.

या परंपरेत दानाचे मोल प्रामुख्याने दात्याकडून पाहिले जाते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस असे दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जो परतफेड करू शकणार नाही अशाला, योग्य स्थळी, योग्य वेळी, द्यायलाच हवे म्हणून दिलेले दान सात्त्विक. फळावर नजर ठेवून किंवा मन मारून दिलेले राजस. अवहेलना करून, अपात्री दिलेले तामस. वर्गीकरणाचा रोख दात्याच्या मनोवृत्तीवर आहे, तरी घेणारा त्यात पूर्णपणे दृष्टीआड झालेला नाही. घेणाऱ्याचा अपमान झाला की दान थेट तामस ठरते.

सत्पात्र कोण, या प्रश्नावर मात्र शास्त्राने दिलेले उत्तर गरजेपेक्षा योग्यतेकडे झुकलेले होते. विधिपूर्वक दानाला उत्तम पात्र म्हणजे विद्वान, सदाचारी ब्राह्मण. भुकेल्याला अन्न देणे हे दयेचे काम, त्याची प्रतिष्ठा वेगळी. विहिरी, तलाव, धर्मशाळा, अन्नछत्रे अशा लोकोपयोगी कामांना ‘पूर्त’ म्हटले गेले आणि ते करण्याचा अधिकार शूद्रांनाही होता. म्हणजे सर्वांच्या उपयोगी पडणाऱ्या दानाची वाट याच परंपरेत मोकळी होती, पण पुण्याच्या उतरंडीत वेदज्ञ प्रतिग्रहीत्याचे आसन उंच राहिले.

या विचाराचे आणि त्यात झालेल्या पालटाचे ठळक उदाहरण पुण्यातील दक्षिणा-वाटपात सापडते. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची दाभाडे सेनापतींच्या घराण्यातली प्रथा पेशव्यांनी पुढे चालवली. पेशवाई संपल्यावर इंग्रज सरकारने ती एकदम बंद केली नाही. १८२१ मध्ये या निधीचा काही भाग वळवून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढण्यात आली. पुढे तिचेच डेक्कन कॉलेज झाले. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी, हा पैसा उपयुक्त मराठी ग्रंथांच्या कर्त्यांनाही मिळावा, असा अर्ज केला. लोकहितवादी त्या प्रयत्नात होते. सनातन्यांच्या विरोधाची धास्ती असल्याने जोतीराव फुले यांनी अर्जदारांच्या संरक्षणासाठी महार-मांग समाजातील माणसे उभी केली. दक्षिणेच्या परिघात ज्यांना कधीच प्रवेश नव्हता, तेच तिचा रोख बदलू पाहणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली आणि कॉलेजांतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पैशाचा झरा तोच राहिला. पात्रतेची कल्पना मात्र जन्म आणि पाठांतर यांच्याकडून ज्ञाननिर्मिती आणि लोकोपयोग यांच्याकडे सरकली.

दानाचा आधुनिक तात्त्विक अभ्यास ज्या निबंधापासून सुरू झाला असे मानतात, तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांचा देणगीवरील निबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोस यांचे म्हणणे असे, की निव्वळ फुकट देणे असे समाजात नसतेच. देणे, घेणे आणि परत करणे या तीन बंधनांनी माणसे एकमेकांशी जोडली जातात. परतफेड करता न येणारा मनुष्य देणाऱ्याच्या खाली जातो. मोस संस्कृत शिकलेले होते आणि पुरावा म्हणून त्यांनी महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचा आधार घेतला.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९८६ मध्ये या वाचनातील उणीव दाखवली. शास्त्रोक्त दानाची परतफेड घेणाऱ्याने करायचीच नसते. त्याचे फळ अदृष्ट असते आणि ते दात्याला परलोकी मिळते. पॅरी यांचे क्षेत्रकार्य काशीतील अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणांमध्ये झाले. मृताच्या नावाने दिलेली शय्या, अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी, धान्य हे सारे तेथे असा ब्राह्मण, म्हणजे महाब्राह्मण, स्वीकारतो. दानाबरोबर यजमानाचे पापही आपल्याकडे येते, ते पचवण्याएवढे तप आपल्याजवळ नाही, अशी खंत हे लोक बोलून दाखवत. ज्याच्यामुळे मृताला सद्गती मिळते असे मानले जाते, त्याचे दर्शन इतर वेळी अशुभ समजतात. दान घेणे हे लाभाचे असते असे दात्याला वाटते. काशीच्या या उदाहरणात ते ओझे ठरते. प्रतिग्रहाबद्दल शास्त्रकारांनी वारंवार दिलेला इशारा आणि विद्वानांपैकीही दान टाळणाऱ्याला दिलेला मान यांचा अर्थ येथे स्पष्ट होतो. घेणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न शास्त्राला ठाऊक होता. पण तो त्याने पाप आणि तेज यांच्या भाषेत मांडला, गरज आणि सन्मान यांच्या भाषेत नाही.

दानाकडून दारिद्र्याच्या कारणांकडे वळणारा अभ्यास एका भारतीयाच्या देणगीतून लंडनमध्ये उभा राहिला. जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांनी १९१२ मध्ये दारिद्र्याची कारणे आणि त्यावरचे उपाय अभ्यासण्यासाठी लंडन विद्यापीठाला वर्षाला १,४०० पौंड देऊ केले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रतन टाटा फाउंडेशन सुरू झाले आणि इतिहासकार आर. एच. टॉनी त्याचे संचालक झाले. १९१३ मधील प्रारंभीच्या व्याख्यानात टॉनी यांनी मांडले, की विचारी श्रीमंतांना जो दारिद्र्याचा प्रश्न वाटतो, तो विचारी गरिबांना तितक्याच न्यायाने संपत्तीचा प्रश्न वाटतो. फाउंडेशनतर्फे १९१५ मध्ये ए. एल. बाउली आणि ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांची इंग्लंडमधील शहरांची पाहणी प्रसिद्ध झाली. रेडिंग शहरात त्यांनी दर वीस घरांमागे सुमारे एक घर निवडून चौकशी केली. नमुना-पाहणीच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा. निष्कर्ष असा निघाला, की पूर्ण वेळ राबूनही मजुरी कुटुंबाला पुरत नाही, हे दारिद्र्याचे एक प्रमुख कारण आहे. गरिबी आळसातून येते, या तेव्हाच्या सार्वत्रिक समजुतीला त्यामुळे तडा गेला. टॉनी यांनी साखळ्या घडवणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या कामगारांच्या किमान वेतनाचा अभ्यास केला. देणगीच्या पैशावर चाललेले संशोधन अशा रीतीने या निर्णयाशी आले, की या लोकांना देणगीआधी रास्त मजुरी मिळायला हवी.

येथे दान आणि न्याय यांच्यातील सीमेचा प्रश्न उभा राहतो. इमॅन्युएल कांट यांनी १७९७ च्या ग्रंथात तो विचारला होता. संपत्तीची विषमता जर अन्यायातून आली असेल, तर श्रीमंताने गरिबाला केलेल्या मदतीला परोपकार म्हणावे काय? धर्मशास्त्राने ‘धर्माने मिळवलेली वस्तू’ हे दानाचे अंग मानले, त्यामागेही हीच जाणीव आहे. जे दुसऱ्याचेच होते ते परत करणे म्हणजे दान नव्हे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा अभ्यास स्वतंत्र विद्याशाखेच्या रूपात आला. १९७० च्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठात विनानफा संस्थांवरील संशोधन सुरू झाले. इंडियाना विद्यापीठात १९८७ मध्ये केंद्र निघाले. २०१२ मध्ये त्याचे स्वतंत्र विद्यालय झाले आणि आज ते लिली कुटुंबाच्या नावाने ओळखले जाते. तेथे पदवीपासून पीएच.डी.पर्यंत हा विषय शिकवतात, शिवाय श्रद्धा आणि देणे यांच्या संबंधावर काम करणारा वेगळा विभाग आहे. केंद्राचे पहिले संचालक रॉबर्ट पेटन यांनी लोकहितासाठी स्वेच्छेने केलेली कृती अशी या विषयाची व्याख्या रूढ केली.

ही व्याख्या सोयीची असली तरी तिच्यातील स्वेच्छेची अट सर्व धर्मांना लागू पडत नाही. इस्लाममध्ये जकात हे कर्तव्य आहे. बचत ठरावीक मर्यादेपुढे गेली की तिच्यावर अडीच टक्के द्यावेच लागतात, आणि कुराणाने सांगितलेल्या आठ प्रकारच्या लोकांचा त्यावर हक्क असतो. सदका त्याहून वेगळा आणि ऐच्छिक. हिंदू विचारात देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण जन्मासोबतच येते आणि अतिथीला अन्न देणे हा गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपैकी एक आहे. ज्यू परंपरेत मायमोनिडीज यांनी बाराव्या शतकात दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सर्वांत वरच्या पायरीवर त्यांनी कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पायावर उभे करणे ठेवले, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. देणे हे कर्तव्य मानले की घेणे हा हक्क होतो, आणि हक्काने घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. ऐच्छिकतेच्या निकषावर हे दान ठरत नाही. ऋणाच्या कल्पनेतून पाहिले तर मात्र त्याला अर्थ लागतो.

परिणामावरून दान जोखणारा विचार पीटर सिंगर यांच्या १९७२ च्या निबंधाने पुढे आणला. पूर्व बंगालमधील निर्वासितांची उपासमार त्यांच्यासमोर होती. फारशी किंमत न मोजता मोठे अनिष्ट टाळता येत असेल तर ते टाळणे हे कर्तव्यच आहे, मग संकटातला माणूस शेजारी असो की हजारो मैल दूर, असे त्यांनी मांडले. कोणत्या देण्याने खरोखर फरक पडतो, हे तपासण्याचे साधन पुढे अर्थशास्त्रज्ञांनी घडवले. मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले ते अशा प्रायोगिक पद्धतीसाठी. राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात बॅनर्जी आणि डुफ्लो यांनी सेवा मंदिर या संस्थेसोबत केलेला प्रयोग बोलका आहे. काही गावांत लसीकरणाची नियमित शिबिरे घेतली. आणखी काही गावांत शिबिरासोबत दर लशीमागे एक किलो डाळ आणि सर्व लशी पूर्ण झाल्यावर ताटे दिली. काहीही न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली बालके ६ टक्के होती, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८ टक्के, डाळ दिलेल्या गावांत ३९ टक्के. परिचारिका दिवसभर बसून असायचीच. डाळीमुळे मुले जास्त आल्याने दर मुलामागचा एकूण खर्च उलट कमी झाला.

या पद्धतीने दात्याच्या समाधानावरून नजर काढून ती घेणाऱ्याच्या आयुष्यावर आणली, हे तिचे मोठे ऋण आहे. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. मुलाच्या लशी पूर्ण झाल्या का, हे मोजता येते. आईने डाळ कोणत्या भावनेने घेतली, तिला कोणी विचारले का, पुढच्या वेळी ती आरोग्यसेवा हक्काने मागेल का, हे त्या आकड्यात येत नाही. जे मोजता येते तेच मोलाचे, असे मानले की मोस आणि पॅरी यांनी दाखवलेले नाते अभ्यासातून निसटते.

शेवटचा मुद्दा विद्यापीठाचा. विद्यापीठ स्वतः प्रतिग्रहीता असते. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून समाजकार्याची पदव्युत्तर संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. दानाचा अभ्यास दानावरच चालत असेल तर दात्याला न रुचणारे निष्कर्ष निघतील का, हा रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर देणगीच्या अटींत असते. विषय दात्याने सुचवावा, उत्तर सुचवू नये. लंडनमधील फाउंडेशनच्या पहिल्याच व्याख्यानात संपत्तीलाच प्रश्न विचारला गेला आणि तरीही काम चालू राहिले, हे या दृष्टीने अनुकरणीय आहे.

दानाचे मोल ठरवताना भावना, परिणाम आणि नाते यांपैकी एकच निकष पुरा पडत नाही. केवळ भावना पाहिली तर गरजवंत हा पुण्याचे साधन होतो. केवळ परिणाम पाहिला तर तो प्रयोगातला आकडा होतो. केवळ नाते पाहिले तर तातडीची भूक मागे पडते. गीतेने अवहेलनेला दिलेले तामस हे नाव, मायमोनिडीज यांनी स्वावलंबनाला दिलेली सर्वोच्च पायरी, जकातीत गरजूचा मान्य केलेला हक्क आणि टॉनी यांनी मागितलेली रास्त मजुरी, या भिन्न वाटांनी आलेल्या विचारांत एक गोष्ट समान आहे. दिल्यानंतर घेणारा अधिक स्वतंत्र आणि अधिक सन्मानाने उभा आहे का, असे ते सर्व विचारतात. विद्यापीठातील अभ्यासाने किती दिले याची नोंद ठेवावीच, पण आपले निष्कर्ष या प्रश्नावर तपासून घ्यावेत. त्यासाठी घेणाऱ्याची साक्ष दात्याच्या साक्षीइतक्याच गांभीर्याने नोंदवावी लागेल.