भूमिपूजनाआधी भूमिपरीक्षा

घराचे काम काढायचे ठरले की आपल्याकडे पहिला मान भूमिपूजनाचा. पंचांग पाहून मुहूर्त धरतात, गुरुजी येतात, नारळ फुटतो, कुदळीचा पहिला घाव पडतो, पेढे वाटले जातात. या श्रद्धेशी माझे भांडण नाही. ज्या जमिनीवर पोराबाळांसह राहायचे, तिच्यापुढे आधी हात जोडावेसे वाटणे हे चांगल्या मनाचे लक्षण आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की जिला हात जोडायचे, तिची नीट विचारपूसही करायला हवी. ती विचारपूस आज बहुतेक ठिकाणी होत नाही. झालीच, तर फाईलला कागद लावण्यापुरती होते.

मुहूर्ताचा आग्रह धरणाऱ्यांनी परंपरेचे पुढचे पानही उलटावे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, वास्तुविद्येच्या प्रकरणात, जमिनीची परीक्षा सांगितली आहे. हातभर खोल खड्डा खणायचा आणि निघालेली माती त्याच खड्ड्यात परत भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. दुसरी परीक्षा पाण्याची. खड्डा पाण्याने भरायचा, शंभर पावले चालून परत यायचे आणि किती पाणी उरले ते पाहायचे. पहिल्या परीक्षेत मातीचा घट्टपणा कळतो आणि दुसरीत तिच्यात पाणी किती मुरते ते. याच ग्रंथात जमिनीखालचे पाणी कसे ओळखावे यावर स्वतंत्र प्रकरण आहे. हाताशी कुदळ आणि घागर एवढीच साधने असताना त्या काळच्या माणसाने माती आणि पाणी या दोन्हींची चौकशी केली. आपण त्यातला मुहूर्त ठेवला आणि खड्डा टाकून दिला.

आज हातभर खड्डा पुरणार नाही हे खरेच. मजल्यांवर मजले चढतात, आणि घात करणारा थर वरच्या मुरुमाखाली आठ-दहा मीटरवर दडलेला असू शकतो. अशा जमिनींत सर्वांत अवघड जमीन पीटची. दलदलीतले गवत, शेवाळ, मुळे, पाने पाण्याखाली बुडून राहतात. तिथे हवा पोचत नाही, म्हणून ती पूर्ण कुजत नाहीत आणि हजारो वर्षे थरावर थर साचत जातो. या काळपट, तंतुमय मातीत तिच्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी असू शकते. तिच्यावर भार आला की ओल्या स्पंजासारखे पाणी बाहेर पडते आणि जमीन खचते. पाणी निघून गेल्यावरही ती थांबत नाही, तंतू दबतच राहतात. हे दबणे वर्षानुवर्षे, अगदी दशकानुदशके चालते. शिवाय तिच्यातले पाणी बहुधा आम्लधर्मी असते आणि ते पायाचे काँक्रीट पोखरते.

पीट किती कुजले आहे ते ओळखण्याची एक साधी रीत स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात घालून दिली. ओंजळभर ओले पीट मुठीत घट्ट पिळायचे. बोटांतून स्वच्छ पाणी आले तर ते जवळजवळ न कुजलेले, गढूळ पाणी आले तर अर्धे कुजलेले, आणि सगळा लगदाच बोटांच्या फटींतून निसटला तर पूर्ण कुजलेले. अशा दहा पायऱ्या त्याने लावल्या आणि त्या आजही वापरात आहेत. शास्त्र म्हटले की महागडी यंत्रे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही मूठ आठवावी.

पीट किती खचते याचा पुरावा इंग्लंडमध्ये होम फेन नावाच्या जागी उभा आहे. तिथले मोठे सरोवर आणि भोवतालची दलदल आटवून शेती करायचे ठरले. जमीन खचणार याची कल्पना असल्याने १८५१ मध्ये एक लोखंडी खांब पीटच्या आरपार, खालच्या घट्ट चिकणमातीपर्यंत उतरवून त्याचा माथा जमिनीलगत ठेवला. पहिल्या नऊ-दहा वर्षांतच जमीन जवळजवळ दीड मीटर खाली गेली. आज त्या खांबाचा माथा जमिनीपासून सुमारे चार मीटर उंच आहे. खांब तिथेच आहे, जमीन मात्र दोन पुरुष खाली गेली आहे. पाणी काढले, हवा आत शिरली आणि हजारो वर्षे न कुजलेले पीट कुजून वायुरूपाने उडून गेले.

म्हणून अशा ठिकाणी मातीइतकीच भूजलाची पातळी तपासावी लागते. डच लोकांनी हे फार पूर्वी ओळखले. ॲमस्टरडॅमचा राजवाडा, जो मुळात सतराव्या शतकातले नगरभवन होता, १३,६५९ लाकडी खुंटांवर उभा आहे. पीट आणि मऊ चिखलाचे थर भेदून हे खुंट खालच्या वाळूत रोवले आहेत. लाकूड पाण्याखाली असेपर्यंत त्याला हवा मिळत नाही, म्हणून ते शतकानुशतके टिकते. भूजल खाली गेले आणि खुंटांची डोकी उघडी पडली की बुरशी लागते आणि पाया कुजू लागतो. त्या देशातल्या जुन्या घरांना आज हीच भीती आहे. २००३च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथल्याच विल्निस गावाजवळचा पीटचा बांध वाळून इतका हलका झाला की कालव्याच्या पाण्याने तो जागचा सरकवला आणि वस्तीत पाणी शिरले. बांध पुराने फुटतात हे सर्वांना ठाऊक असते. हा बांध दुष्काळाने गेला.

हे सगळे परदेशातले म्हणून सोडून देता येणार नाही. कोलकात्याच्या पोटात जुन्या सुंदरी वनांच्या अवशेषांचे पीटचे थर आहेत. केरळच्या कुट्टनाडमध्ये ‘करी’ नावाची काळी, आम्लधर्मी, लाकडाचे अवशेष बाळगणारी जमीन आहे. महाराष्ट्रात पीट फारसे नाही, पण पाण्यावर अवलंबून वागणाऱ्या जमिनी भरपूर आहेत. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, उरण, पनवेल या पट्ट्यात खाडीचा मऊ गाळ आहे. कोकणात खारजमिनी आहेत, गोव्यात बांध आणि मानशींच्या, म्हणजे पाण्याच्या झडपांच्या, आधारावर राखलेली खाजने आहेत. आणि घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात मैलोन्‌मैल काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. दरवर्षी होणाऱ्या या फुगण्या-आकसण्यात हलक्या घरांच्या भिंती तिरप्या तडकतात. घरमालक गिलाव्याला दोष देतो, गवंडी सिमेंटला. खालच्या मातीचे नाव कोणी घेत नाही.

खाडीकाठचे बोअरिंग एकदा जवळून पाहावे. तिकाटण्यावरून ६३.५ किलोचा घण ७५ सेंटीमीटर उंचीवरून टाकतात आणि नळी ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. चांगल्या मुरुमात माणूस मोजून थकतो. खाडीच्या गाळात कित्येकदा एकही ठोका लागत नाही. नळी आपल्याच वजनाने खाली उतरत जाते. ती वर काढून उघडली की आत निळसर-काळा, बोटाला चिकटणारा चिखल, शिंपल्यांचे तुकडे, मुळांचे धागे आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास. ज्याने हे डोळ्यांनी पाहिले, तो पायाच्या बाबतीत घाई करणार नाही. पण घर घेणाऱ्यांपैकी किती जणांना हे कधी दाखवले जाते? त्यांना नमुना फ्लॅट दाखवतात, क्लब हाऊस दाखवतात, गच्चीवरून दिसणारी खाडी दाखवतात.

परीक्षा करायची तर ती खरी करावी. प्लॉटच्या एका कोपऱ्यात एक बोअर घेऊन सबंध जमिनीचा निकाल लावू नये. बोअर भक्कम थर लागेपर्यंत न्यावे. मऊ मातीचे नमुने न विस्कटता प्रयोगशाळेत पोचवावेत. पाण्यातले क्षार आणि आम्लता तपासावी. आणि भूजल एकदाच मोजून मोकळे होऊ नये. बोअर घेतल्या दिवशीचे पाणी खरे नसते. त्यात नळी सोडून पातळी स्थिरावू द्यावी, मे महिन्यात मोजावी, ऑगस्टमध्ये पुन्हा मोजावी. आपल्या देशात पाण्याचे दोन ऋतू आहेत आणि इमारत दोन्हींत उभी राहायची आहे. यंत्र लावण्याआधी गावातल्या वयस्कर आगरी-कोळी माणसांना विचारावे: इथून खाडीचा फाटा जात होता का, मिठागर कुठे होते, भराव कधी पडला? अशी माहिती कोणत्याही नकाशाइतकी मोलाची असते आणि तिला पैसे पडत नाहीत.

लहान घरासाठीही परीक्षा आवाक्यात आहे. काळ्या मातीची वस्त्रगाळ पूड दहा-दहा ग्रॅम घेऊन एका मोजपात्रात पाण्यात आणि दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकतात आणि चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हे सहज होऊ शकते. माती फुगणारी निघाली तर खाली फुगीर गड्डा असलेले पाईल घेण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याच देशात कधीच विकसित केली आहे. उपाय घरातच आहे, विचारणारा नाही.

मग हे का होत नाही? पहिले उत्तर मिळते, ‘शेजारची इमारत उभी आहे ना?’ शेजारच्या इमारतीखाली काय आहे आणि तिचा पाया किती खोल आहे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते. एकाच प्लॉटच्या अर्ध्या भागात कातळ आणि अर्ध्यात बुजवलेला ओढा असू शकतो. घर सगळे सारखे खचले तर निभावते. एक बाजू जास्त खचली की भिंती फाटतात. दुसरे उत्तर खर्चाचे. लॉबीतल्या संगमरवराचे पैसे बिनतक्रार मोजले जातात आणि एका जादा बोअरवर घासाघीस होते. तिसरे कारण कोणी बोलून दाखवत नाही. परीक्षेचे पैसे ज्याचे वाचतात, त्याला त्या घरात राहायचे नसते.

इथे हा प्रश्न तंत्राचा राहत नाही, नीतीचा होतो. २०१६च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकली. ही मोठी सुधारणा आहे. पण मऊ गाळ पाच वर्षांत थांबत नाही. कातळापर्यंत पाईल नेलेली इमारत जागच्या जागी राहते आणि भोवतालचा भराव हळूहळू बसत जातो. पायरी आणि अंगण यांच्यात फट पडते, सांडपाण्याचा नळ इमारतीबाहेर पडताच मोडतो आणि मैला प्लिंथखाली झिरपू लागतो. बसणारा चिखल पाईललाही आपल्याबरोबर खाली ओढतो. गाळाची जाडी आधी मोजली असेल तरच या ओढीचा हिशेब करता येतो. हे दुखणे वर येईपर्यंत बिल्डरची मुदत संपलेली असते आणि दुरुस्तीची वर्गणी निवृत्त माणूस आपल्या पुंजीतून भरतो. एकाने केलेल्या बचतीचे कर्ज दुसऱ्याच्या डोक्यावर बसवणे ही चोरीच आहे, मग तिच्यावर कितीही सह्या-शिक्के असोत.

गरिबाची स्थिती याहून वाईट. डेब्रिज टाकून बुजवलेल्या पाणथळीवर तो झोपडे बांधतो, कारण दुसरी जागा त्याला मिळत नाही. घरकुलाच्या ठरीव रकमेत काळ्या मातीसाठी वेगळा पाया बसत नाही. त्याला ‘माती का तपासली नाहीस’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही. तो प्रश्न शासनाला विचारायचा. बंदराच्या मऊ जमिनीसाठी, तिच्यातून पाणी काढून ती घट्ट करण्यासाठी आपण शास्त्र वापरतो आणि पैसा खर्च करतो. तीच काळजी माणसांच्या घरांच्या वाट्याला यायला हवी.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे. ज्या परीक्षेला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही, ती परीक्षाच नव्हे. प्लॉट विकत घेऊन, नकाशे काढून, फ्लॅट विकून झाल्यावर माती तपासली, तर अहवालाने काय सांगावे अशी आपली अपेक्षा आहे? काही जमिनी बांधकामासाठी नाहीतच. खाजन, तिवरांचे जंगल, पाणथळ यांचे काम भरतीचे आणि पावसाचे पाणी पोटात घेण्याचे आहे. तिवरांची नासधूस हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले. जगातल्या पीटच्या जमिनी एकूण भूभागाच्या सुमारे तीन टक्के आहेत, पण मातीतल्या एकूण कार्बनचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांनी धरून ठेवला आहे. तिथे पाणी काढून घर बांधणारा फक्त आपल्या पायाशी खेळत नाही, साऱ्यांच्या हवेशी खेळतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. माती आणि भूजलाचा अहवाल जमिनीच्या व्यवहाराआधी व्हावा. तो रेराच्या संकेतस्थळावर मराठीत, सामान्य माणसाला कळेल अशा सारांशासह उघडा असावा. पालिका, सिडको, जिल्हा परिषद यांनी सार्वजनिक कामांसाठी घेतलेल्या प्रत्येक बोअरची नोंद सर्वांसाठी खुली करावी. नेदरलँड्समध्ये सरकारी कामांच्या बोअरिंगची माहिती २०१८ पासून कायद्याने राष्ट्रीय नोंदवहीत द्यावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. लोकांच्या पैशाने मिळवलेले ज्ञान कपाटात कुलूपबंद ठेवण्याचे कारण नाही. मऊ गाळावरच्या इमारतींसाठी जबाबदारीची मुदत पाच वर्षांवरून वाढवावी. घरकुल योजनांमध्ये मातीप्रमाणे पायाचे अनुदान बदलावे.

पण कायद्याची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. पुढच्या वेळी घर बघायला गेलात, की टाइल्स आणि पार्किंग याआधी तीन प्रश्न विचारा: खाली कोणती माती आहे, पाणी पावसाळ्यात किती वर येते, आणि हे कोणी, कधी, किती ठिकाणी तपासले? अहवाल मागा, सही पाहा, तारीख पाहा. तो दाखवायला जो तयार नाही, त्याचे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. दहा माणसे असे परत फिरली की अकराव्याला न मागता अहवाल मिळेल.